सोलर किंवा गीझर बदलल्यावर बाहेरच्या पाइपचं गबाळं काम: कोकणातल्या घरासाठी तपासणी

नवा सोलर किंवा गीझर बसला, नळाला गरम पाणी आलं, प्लंबर पैसे घेऊन गेला. बाहेरच्या भिंतीवर मात्र वाकडेतिकडे पाइप, अर्धवट बुजवलेली भोकं आणि लोंबणारे तुकडे तसेच राहतात. 'दिसायला वाईट, पण चालतंय ना' म्हणून बरेच जण ते सोडून देतात. पाइप वाकडा दिसतो त्यामागे बहुतेक वेळा एखादी पायरी गाळलेली असते, आणि कोकणात ती चूक पहिल्या पावसाळ्यातच बाहेर येते. म्हणून ही तपासणी आगोटीच्या कामांतच उरकावी, मृगाचा पाऊस सुरू व्हायच्या आत.

लक्षणं

दोन क्लॅम्पच्या मधे पाइप कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा झोळ देतो, गरम पाणी वाहताना तो वाढतो. क्लॅम्पचा स्क्रू गिट्टीसकट (भोकात स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीसकट) भिंतीतून बाहेर आलेला असतो. भिंतीवर तांबूस ओघळ उतरतात. एखाद्या सांध्यातून थेंब पडतात, तेही फक्त सकाळी, पाइप गार असताना. फोमचं आवरण उन्हानं भुगा होऊन अंगणात पडतं. झडीचा पाऊस लागला की न्हाणीघरात पाइप शिरतो तिथे ओल धरते आणि रंगाचे पोपडे सुटतात. गच्चीवरची उभी हवानळी वाऱ्यानं कललेली असते. आणि जुना पाइप कापून तसाच लोंबत ठेवलेला, हे तर जवळपास ठरलेलंच.

नुसत्या ओलीवरून 'पाइप गळतोय' असा निकाल मात्र देऊ नका. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत पावसाचं पाणी शोषते आणि पागोळ्या पाइपवर पडून त्याच पाइपवरून भिंतीपर्यंत चालत येतात. गळती, पाऊस आणि सेफ्टी व्हॉल्व्हचं ठिबकणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तिन्हींचे उपायही वेगळे.

फुकटची तपासणी: डोळे, पेन्सिल, कोरडं फडकं

सगळ्यात आधी पाइपवरची छपाई वाचा. गरम पाण्याचा प्लॅस्टिक पाइप सीपीव्हीसीचा हवा. तो फिकट पिवळसर असतो आणि अंगावर सीपीव्हीसी, आयएस १५७७८ आणि एसडीआर ११ किंवा १३.५ असं छापलेलं असतं. पांढऱ्या पाइपवर यूपीव्हीसी लिहिलेलं असेल आणि त्यातून गरम पाणी जात असेल, तर पुढचं काही तपासायची गरज नाही. तो पाइप गरम पाण्यासाठी नाहीच. कितीही क्लॅम्प मारले तरी तो वाकणार आणि सांधे सोडणार, तो बदलूनच घ्यायचा. सोलर टाकीला येणाऱ्या थंड पाण्याच्या पाइपचा टाकीजवळचा शेवटचा मीटरभरही पाहा. टाकीतली उष्णता मागे सरकते, त्यामुळे तिथे यूपीव्हीसी वापरला असेल तर पहिला वाक तिथेच पडतो.

मग पेन्सिल घ्या. पहाटे पाइप गार असताना प्रत्येक क्लॅम्पच्या कडेला पाइपवर बारीक रेघ मारा. दहा मिनिटं गरम पाणी सोडा आणि रेघा पुन्हा पाहा. सीपीव्हीसी दर मीटरला, दर अंशामागे सुमारे ०.०६३ मिलिमीटर वाढतो. सहा मीटरचा सरळ पाइप २५ अंशांवरून ६५ वर गेला की जवळपास १५ मिलिमीटर लांब होतो. ही वाढ कुठेतरी जायलाच हवी. रेघ क्लॅम्पपासून सरकलेली दिसली तर पाइप मोकळा आहे. रेघ जागच्या जागी आणि पाइप मधे फुगलेला दिसला तर क्लॅम्पनं तो आवळून धरला आहे. झोळ आणि निघालेले स्क्रू बहुधा यातूनच येतात, आणि पाइप कापण्याआधीच हे कळलेलं बरं.

गळती आहे की नाही हे कोरड्या दिवशी ठरवायचं. सांधे फडक्यानं पुसून प्रत्येकाभोवती टिश्यू पेपर गुंडाळा आणि तासाभरानं पाहा. एखादा कागद ओला झाला असेल तर त्या सांध्यावर खडूनं खूण करा. एकही ओला नसेल आणि तरी आतली भिंत ओली असेल, तर थंड पाण्याचा इनलेट व्हॉल्व्ह बंद करून गरम पाइप रिकामा करा आणि दोन दिवस थांबा. ओल तशीच राहिली आणि पावसाबरोबर वाढली, तर दोष भोकाचा आहे, पाइपचा नाही.

हवानळी आणि ठिबकणारी नळी

हे पाहायला शिडीपलीकडे काही लागत नाही, पण इथे चूक झाली तर टाकी जाते. साध्या, बिनदाबाच्या सोलरची हवानळी थंड पाण्याच्या टाकीतल्या वरच्या पातळीपेक्षा फूट-दीड फूट उंच हवी आणि तिचं तोंड नेहमी उघडं हवं. थेंब येतात म्हणून कुणी तिला डाट लावला असेल तर तो लगेच काढा. टाकी तापलेली असेल तर आधी ती गार होऊ द्या, कारण तोंडातून वाफ उसळू शकते. बंद नळीमुळे तापलेल्या पाण्याचा दाब टाकी फुगवतो, आणि नळ चालू केल्यावर आत हवा न शिरल्यानं टाकी आत दबते. तोंड खाली वळवून जाळी लावा. कुंभारीण माशी अशा नळीत मातीचं घर बांधते आणि ते बाहेरून दिसत नाही.

उंच नळीला तीन बाजूंनी तारेचा ताण द्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-अलिबागच्या पट्ट्यात आलं. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याकिनाऱ्यानं गेलं. एका क्लॅम्पवर उभी असलेली नळी असल्या वाऱ्यात टिकत नाही आणि मोडते ती टाकीच्या सॉकेटपाशी. तिथली दुरुस्ती सगळ्यात महाग पडते.

साठवणीच्या इलेक्ट्रिक गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी तापताना थोडं ठिबकतो, कारण तापलेलं पाणी फुगतं. हे अगदी योग्य आहे. दोष असतो तो ते पाणी भिंतीवर सोडण्यात. त्या नळीला सरळ उतार द्या, तोंड उघडं ठेवून ती नहाणीच्या गटाराशी किंवा पन्हळीशी आणा. नळी वर वळवायची नाही आणि डाट तर मुळीच मारायचा नाही. भिंतीवर शेवाळाचा हिरवा पट्टा दिसला की आधी ही नळी बघा.

क्लॅम्प: थोडक्या पैशात जास्तीत जास्त फरक

आडव्या सीपीव्हीसीला पाऊण किंवा एक इंची मापापर्यंत दर ९० सेंटिमीटरला आधार हवा, उभ्याला सव्वा ते दीड मीटरला. गबाळ्या कामात हेच अंतर दोन मीटरवर गेलेलं असतं. अर्ध्या इंची पाइपवर, विशेषतः जिथे वानरांचा वावर आहे, तिथे आडव्या पाइपला ६० सेंटिमीटरवर क्लॅम्प मारा. वानर पाइपवर बसतं, लोंबतं आणि उडी मारताना त्यालाच रेटा देतं. माडाखालून गेलेला पाइप शक्यतो छज्जाखाली किंवा भिंतीच्या कोपऱ्यात सरकवून घ्या. वरून झावळ पडली तर कुठलाच क्लॅम्प पुरत नाही.

क्लॅम्पनं पाइपचं वजन पेलायचं असतं, त्याला आवळायचं नसतं. पाइप हातानं पुढेमागे सरकला पाहिजे. लांब सरळ पाइपला मधोमध एकच क्लॅम्प घट्ट ठेवा, बाकीचे सैल. एल्बोला अगदी खेटून क्लॅम्प नको. वाढलेला पाइप तिथेच वाकून जागा करून घेतो, म्हणून निदान फूटभर मोकळी बाजू सोडा. सहा-सात मीटरच्या पुढे सरळ पाइप असेल तर मधे चार एल्बो घालून चौकोनी वळसा द्यावा लागतो. ते प्लंबरकडूनच करून घ्या.

आता धातूचं. जस्त चढवलेली पत्र्याची साधी पट्टी खाऱ्या वाऱ्यात पावसाळ्या-दोन पावसाळ्यांत गंजते आणि भिंतीवर लाल ओघळ आणते. समुद्र किंवा खाडी दिसते अशा घरासाठी स्टेनलेस स्टीलचा ३०४ दर्जाचा क्लॅम्प आणि त्याच दर्जाचा स्क्रू घ्या, अगदी लाटांचे तुषार येतात तिथे ३१६. दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात. त्यावर फार विसंबू नका. स्टेनलेसचा हलका २०२ दर्जा आणि ३०४ दोन्ही चुंबकाला फारसे चिकटत नाहीत आणि २०२ खाऱ्या हवेत लवकर डागाळतो. बिलावर दर्जा लिहून घेतलेला बरा. उन्हाला टिकणारा चांगल्या प्रतीचा प्लॅस्टिक क्लॅम्प सीपीव्हीसीला चालतो, गंजायचा प्रश्नच नाही, फक्त स्क्रू स्टेनलेस हवा.

बाहेर आलेल्या गिट्टीचं कारण बहुतेकदा चिरा असतो. जांभा भोकाभोकांचा आणि जागोजागी मऊ. ३५ मिलिमीटरची गिट्टी अर्धी प्लॅस्टरमध्येच संपते. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा, नाहीतर भोक मापापेक्षा मोठं होतं. गिट्टी निदान ७५ मिलिमीटर लांब हवी, म्हणजे प्लॅस्टरच्या पलीकडे चिऱ्यात धरेल. जुन्या घरात चिऱ्यांच्या सांध्यात माती किंवा चुना असतो, सांध्यात कधीच मारू नका. भोक आधीच ढिसूळ झालं असेल तर ते इंचभर रुंद करून धूळ काढा, ओलं करा, एकास तीन सिमेंट-वाळूनं गच्च भरा, तीन दिवस पाणी मारा आणि मग नव्यानं भोक पाडा. गिट्टीभोवती काड्या आणि कागद कोंबून काम भागवायची सवय सोडली पाहिजे. पहिल्याच ओलीत ते कुजतं.

आवरण आणि ऊन

आवरणाकडे 'गरम पाणी टिकण्यापुरतं' म्हणून बघू नका. उघड्या सीपीव्हीसीवर ऊन पडत राहिलं की वरचा थर पांढुरका होतो आणि पाइप ठिसूळ होत जातो. बारीक फांदी पडली तरी मग तडा जातो. पांढरा किंवा राखाडी हलका फोम बाहेर टिकत नाही. त्याचा भुगा दिसला की सगळा काढून टाका. त्याऐवजी नायट्राइल रबराची काळी नळी घ्या, १३ मिलिमीटर जाडीची, आणि तिच्यावर उन्हापासून वाचवणारं अॅल्युमिनियम फॉइल-कापडाचं किंवा पत्र्याचं आच्छादन द्या. नुसतं काळं रबरही ऊन सोसत नाही. नळीच्या उभ्या चिरेची शिवण खालच्या बाजूला ठेवा, शिवणीला रबराचाच गोंद लावा आणि टेप खालून वर अशी गुंडाळा, म्हणजे वरचा थर खालच्यावर येईल आणि पाणी आत न शिरता ओघळून जाईल. वरून खाली गुंडाळलेली टेप प्रत्येक थरापाशी पावसाचं पाणी धरते.

जिथे आवरण घालायला जागा नाही तिथे पाण्यात मिसळणारा पांढरा अॅक्रिलिक बाहेरचा रंग लावा. ऑइलपेंट नको, त्यातलं थिनर सीपीव्हीसीला मऊ करतं.

जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपवर आवरण असेल तर सगळ्यात खालच्या ठिकाणी बोटभर चीर देऊन बघा. आतून पाणी आलं तर ते आवरण पाइपला आतल्या आत गंजवतंय. ते काढा, पाइप घासा, गंजरोधक रंग द्या, पूर्ण सुकल्यावरच पुन्हा झाका.

मुंबईला राहून गणपतीला आणि शिमग्याला उघडणाऱ्या घरांसाठी इथे एक वेगळी गोष्ट आहे. एप्रिल-मेमध्ये कुणी पाणी वापरत नसताना काचेच्या नळ्यांच्या सोलरमधलं पाणी उकळीला येतं. सीपीव्हीसीची मर्यादा ९३ अंश आहे, आणि ८२ अंशांनाच त्याची दाब सोसायची ताकद थंड पाण्याच्या तुलनेत चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून टाकीच्या तोंडापासून पहिला मीटरभर पाइप धातूचा घ्या. घर बंद करताना काचेच्या नळ्या जाड शेडनेटनं किंवा ताडपत्रीनं झाकून, नीट बांधून ठेवा. परत आल्यावर टाकी रिकामी दिसली तर भर दुपारी थंड पाणी सोडू नका, तापलेल्या नळ्यांना तडे जातात. सूर्योदयापूर्वी भरा.

भिंतीचं भोक

पावसात आत येणारी ओल बहुतेक इथूनच येते. तीन चुका नेहमीच्या: भोक आत उताराचं, पाइपभोवती बाही नाही, आणि भोक पांढऱ्या सिमेंटनं बुजवलेलं. पाइप दररोज सरकतो, सिमेंट सरकत नाही. पहिल्या आठवड्यातच केसाएवढी फट पडते आणि झडीच्या पावसाला तेवढी पुरते.

बाही म्हणजे भिंतीच्या जाडीएवढा पीव्हीसीचा तुकडा. पाऊण इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास साधारण २२ मिलिमीटर. बाहीतून जाणाऱ्या भागावर पातळ, नऊ मिलिमीटरचं आवरण चढलं की ४० होतो, म्हणून बाही ५० मिलिमीटरची घ्या, ४० ची अडकते. नऊ इंची भिंतीत तिचा बाहेरचा तोंडाकडचा भाग पाच ते दहा मिलिमीटर खाली हवा आणि भिंतीबाहेर बोटभर पुढे. बाही आणि चिरा यांच्यामधे सिमेंटचा गिलावा. बाही आणि पाइप यांच्यामधे फोमची दोरी दाबून वरून पॉलियुरेथेन किंवा न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सिमेंटला धरत नाही आणि धातूला खातं. लावताना भिंत कोरडी हवी, म्हणजे ऑक्टोबर ते मे. भर पावसात लावलेलं सिलिकॉन ओल्या चिऱ्यावरून सालीसारखं निघतं. तोवर तात्पुरता उपाय म्हणून भोकाच्या वर पत्र्याची तिरकी पट्टी ठोका.

पाइप भिंतीत शिरण्याआधी बाहेर खाली एक छोटं वळण असावं. पाइपवरून वाहत येणारं पाणी त्या वळणावरून खाली गळतं, भिंतीत जात नाही. वळण देता येत नसेल तर पाइपवर रबराची चकती चढवा.

सांधे

खूण केलेला सांधा आट्यांचा असेल तर आधी त्यात काय आहे ते पाहा. नुसत्या प्लॅस्टिकच्या आट्या पितळी तोंडात पिळलेल्या असतील, तर गार झाल्यावर प्लॅस्टिक आकसतं आणि सकाळी थेंब पडतात. सकाळच्याच गळतीचं हे ठराविक कारण आहे. त्या जागी पितळी आट्या बसवलेला सीपीव्हीसीचा अडॅप्टर हवा. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनं गुंडाळा, हातानं बसेल तेवढं बसवून पान्यानं एक ते दोन फेरे, त्यापुढे नाही. जीआयवरची सुतळी आणि सफेद्याची पद्धत प्लॅस्टिकवर करू नका, सफेद्यातलं तेल सीपीव्हीसीला तडे आणतं.

चिकटवलेला सांधा गळत असेल तर बाहेरून एम-सील लावून तो टिकत नाही. एल्बो कापून नवा घालावा लागतो: पाइप काटकोनात कापायचा, कड तासायची, पुसायचं, डब्यावर सीपीव्हीसी लिहिलेलं सॉल्व्हंट पाइपला आणि फिटिंगच्या आत लावायचं, पाव फेरा देत पूर्ण आत सरकवायचं आणि अर्धा मिनिट दाबून धरायचं. यूपीव्हीसीचा डबा वापरला तर सांधा थंड पाण्याला टिकतो आणि गरमला सुटतो. दमट हवेत वाळायला दीडपट वेळ धरा. गरम पाणी चोवीस तासांनी.

तोंड उघडे जुने पाइप टाकीपर्यंत मागे जाऊन काढून टाका. काढता येत नसतील तर डाट मारा, आतून विंचू आणि गोमी घरात येतात.

इथे थांबा

गॅस गीझरची धुराची नळी निसटलेली, वाकलेली किंवा गंजलेली असेल तर गीझर बंद करा आणि वापरू नका. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. गॅसच्या नळीला स्वतः हात लावू नका. गॅसचा वास आला तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं बटण दाबू नका, बाहेर येऊन १९०६ वर कळवा.

पाइपला किंवा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. सोलरच्या आतल्या बॅकअप हीटरची वायर गरम पाइपला बांधलेली दिसली तरीही हेच. त्या सर्किटवर अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का, हे त्याच्याकडूनच तपासून घ्या.

टाकीच्या स्टँडचे पाय गंजलेले असतील, टाकी कलली असेल, कौलांवर चढायला लागत असेल किंवा गच्चीवर शेवाळ असेल, तर उंचीवर काम करणाऱ्या माणसाला बोलवा. भरलेल्या दोनशे लिटर टाकीत नुसतं पाणीच दोनशे किलो असतं. भिंतीच्या आत गळती असेल, म्हणजे बाहेरचा सगळा पाइप कोरडा आणि इनलेट बंद केल्यावरच ओल थांबते, तर भिंत फोडण्याआधी प्लंबरकडून दाबाची चाचणी करून घ्या.

वॉरंटीच्या मुदतीत टाकीजवळचा कुठलाही सांधा कापण्यापूर्वी वॉरंटीचा कागद वाचा. बसवणाऱ्यालाच परत बोलवायचं असेल तर आधी प्रत्येक दोषाचा टेप लावून फोटो घ्या: क्लॅम्पमधलं अंतर, भोकाची फट, पाइपवरची छपाई. ते लेखी पाठवा आणि काय करून हवंय तेही लिहा, उदाहरणार्थ 'दर ९० सेंटिमीटरला ३०४ चा क्लॅम्प, ५० मिलिमीटरची बाही, जुना पाइप काढणं'. 'नीट करून द्या' एवढंच लिहिलं तर सिलिकॉनचा एक ट्यूब मारून माणूस निघून जातो. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, तिथेही हेच फोटो लागतात. शेवटचा हप्ता बाकी असेल तर पेन्सिलच्या रेघा त्याच्यासमोर मारा, गरम पाणी सोडा आणि रेघा सरकल्यावरच पैसे द्या.